अभिरूप न्यायालयातील समतेचा वाद

आपल्याकडे 'अभिरूप न्यायालय' म्हटले की स्नेहसंमेलनाची आठवण होते. एखादा विनोदी लेखक आरोपी म्हणून पिंजऱ्यात उभा असतो. मराठी भाषेचा खून केल्याचा किंवा श्रोत्यांना तीन तास डांबून ठेवल्याचा त्याच्यावर आरोप असतो. गावातले नामांकित वकील काळा डगला चढवून खऱ्याखुऱ्या आवेशाने फिर्याद मांडतात आणि न्यायमूर्तींच्या खुर्चीवर बसलेले प्राध्यापक आरोपीला सर्वांना जेवण घालण्याची शिक्षा फर्मावतात. करमणूक म्हणून हा प्रकार उत्तमच. परंतु विधी महाविद्यालयात ज्याला अभिरूप न्यायालय म्हणतात ते याच्या अगदी उलट टोकाचे असते. तेथे साक्षीदार नसतात, पुराव्याची झटापट नसते आणि हशा तर नसतोच. घडलेली हकीकत आधीच छापून हाती दिलेली असते. खालच्या न्यायालयाने निकाल दिलेला असतो आणि त्यावरील अपील चाललेले असते. दोन विद्यार्थी अपील करणाऱ्याच्या बाजूने आणि दोन विरुद्ध बाजूने, केवळ कायद्याच्या प्रश्नावर बोलतात. पीठावर वकील, प्राध्यापक आणि कधी कधी खरे न्यायाधीश बसतात आणि विद्यार्थ्याचे वाक्य पुरे होण्याच्या आत प्रश्न विचारतात. वाद किती पाठ केला आहे यापेक्षा अडविल्यावर तो कसा सावरला जातो, याची ती परीक्षा असते.

ही प्रथा जुनी आहे. लंडनच्या 'इन्स ऑफ कोर्ट' म्हणून प्रसिद्ध असलेल्या वकिलांच्या मठांत मध्ययुगापासून रात्रीच्या भोजनानंतर असे वाद चालत. सतराव्या शतकात ते मागे पडले आणि पुढे विद्यापीठांनी त्यांचे पुनरुज्जीवन केले. त्याच मठांपैकी 'ग्रेज इन'मधून बॅरिस्टर होऊन आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ पासून १९३८ पर्यंत मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, हे येथे सहज सांगून ठेवतो. समतेचा वाद आणि वादाची तालीम या दोन गोष्टींचा संबंध आपल्याला परका नाही.

आज ज्या अभिरूप न्यायालयांविषयी सांगावयाचे आहे ती समता आणि विविधता हाच विषय धरून भरतात. करार, जकात, जहाजांच्या टकरी हे स्पर्धांचे नेहमीचे विषय बाजूला ठेवून वर्ण, लिंग, अपंगत्व, धर्म यांमुळे माणसाला मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न तेथे न्यायालयापुढे ठेवला जातो. कॅनडात ही प्रथा चांगली रुजली आहे, म्हणून तेथलेच उदाहरण घेऊ. मात्र स्पर्धेकडे वळण्याआधी एक जुना खटला पाहिला पाहिजे. अशा स्पर्धेची गरज का पडावी, हे त्यावरून चटकन ध्यानी येते.

१९४६ च्या नोव्हेंबर महिन्यात नोव्हा स्कोशिया प्रांतातील न्यू ग्लासगो या गावी व्हायोला डेस्मंड नावाची एक कृष्णवर्णीय स्त्री चित्रपट पाहावयास गेली. तिचा स्वतःचा केशभूषेचा व्यवसाय होता. मोटार नादुरुस्त झाल्याने त्या गावी रात्र काढणे तिला भाग पडले होते. ती खाली बसली. कृष्णवर्णीयांनी सज्जात बसावे असा त्या चित्रपटगृहाचा शिरस्ता होता, पण तशी पाटी कोठेही नव्हती. तिने फरकाचे पैसे देऊ केले, ते घेतले गेले नाहीत. तिला उचलून बाहेर काढण्यात आले आणि रात्र तुरुंगात गेली. दुसऱ्या दिवशी खटला उभा राहिला तो कशाबद्दल? करमणूक कराबद्दल! खालच्या तिकिटावर तीन सेंट कर होता आणि सज्जाच्या तिकिटावर दोन. म्हणजे तिने सरकारचा एक सेंट बुडविला. दंड वीस डॉलर आणि खर्चाचे सहा. वरच्या न्यायालयात प्रकरण गेले तेव्हाही वाद झाला तो अर्ज कोणत्या रीतीने आणि किती मुदतीत करावयास हवा होता याचा, आणि अर्ज फेटाळला गेला. तिच्या कातडीच्या रंगाचा प्रश्न कायद्याचा मुद्दा म्हणून न्यायालयापुढे आलाच नाही. प्रांत सरकारने २०१० मध्ये तिला निर्दोष ठरवून मरणोत्तर माफी दिली आणि २०१८ मध्ये कॅनडाच्या दहा डॉलरच्या नोटेवर तिचे चित्र आले. पण १९४७ चा तो निकाल वाचताना आजही मनात येते की, ज्या मुद्द्यासाठी सारे रामायण घडले तो वादात कोणी मांडू नये, हे कसे?

उत्तर असे की तो मुद्दा मांडण्याची भाषाच तेव्हा कायद्याच्या हाती नव्हती. मागील निकालांच्या पायऱ्यांवर पाय ठेवूनच वकिलाला वर चढता येते, आणि येथे पायरीच नव्हती. अशा वेळी कोणाला तरी पहिल्यांदा अडखळत का होईना तो वाद मांडून पाहावा लागतो. खऱ्या न्यायालयात तसे करणे महाग पडते, कारण हरल्यास अशील तुरुंगात जाते. अभिरूप न्यायालयात हरल्यास फार तर ढाल हुकते.

कॅनडाची हक्कांची सनद १९८२ मध्ये अमलात आली. त्यातील समतेचे पंधरावे कलम मात्र सर्व सरकारांना आपापले कायदे नीट करून घेण्यास वेळ मिळावा म्हणून तीन वर्षे थोपवून १९८५ मध्ये लागू झाले. त्या कलमाचा अर्थ लावण्याचा पहिला मोठा प्रसंग १९८९ मध्ये आला, आणि योगायोग असा की तो वकिलीच्या उंबरठ्याचाच होता. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात वकिली करावयाची तर कॅनडाचे नागरिकत्व हवे असा नियम होता. अँड्र्यूज नावाच्या ब्रिटिश प्रजाजनाने त्यास आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने नियम मोडीत काढला आणि सांगितले की सर्वांना एकाच तऱ्हेने वागविणे म्हणजे समता नव्हे. कित्येकदा सारख्या वागणुकीतूनच विषमता जन्म घेते.

हे वाक्य ऐकायला सोपे वाटते, पण व्यवहारात ते कोठे बोचते हे १९९९ च्या मेयोरिन खटल्यात दिसले. ब्रिटिश कोलंबियाच्या वनखात्यात वणवे विझविणाऱ्या तुकडीत ही स्त्री तीन वर्षे उत्तम काम करीत होती. मग सरकारने नवी शारीरिक चाचणी आणली. तिच्यात अडीच किलोमीटर अंतर अकरा मिनिटांत धावण्याची अट होती. हिने चार वेळा प्रयत्न केला. सर्वांत चांगली वेळ अकरा मिनिटे आणि एकोणपन्नास सेकंदांहून किंचित अधिक. नोकरी गेली. चाचणी तर सर्वांना एकच होती, मग अन्याय कोठे झाला? न्यायालयाने विचारले की आग विझविण्यास हा वेग खरोखर लागतो, हे कोणी सिद्ध केले आहे काय? पहिल्याच प्रयत्नात चाचणी उत्तीर्ण होणाऱ्या पुरुषांचे प्रमाण शेकडा ६५ ते ७० होते आणि स्त्रियांचे ३५. ज्या मापाने मोजावयाचे ते माप मुळात कोणाच्या अंगावर बेतले, हा प्रश्न त्या दिवसापासून कॅनडातील प्रत्येक मालकाला विचारता येऊ लागला. सर्वांना एकाच मापाचा अंगरखा शिवणे ही समानता झाली. ज्याला त्याला अंगाला बसेल असा शिवणे याला हल्ली इंग्रजीत 'इक्विटी' म्हणतात. कायद्याच्या विद्यार्थ्याने मात्र या शब्दाची जुन्या चॅन्सरी न्यायालयाच्या 'इक्विटी'शी गल्लत करू नये. तिला आपण समन्याय म्हणतो आणि ती वेगळीच वस्तू आहे.

अशा प्रश्नांवर विद्यार्थ्यांनी झुंजावे म्हणून कॅनडाच्या कृष्णवर्णीय विधी विद्यार्थी संघाने आपल्या वार्षिक परिषदेला जोडून एक अभिरूप न्यायालय सुरू केले. हा संघ १९९१ मध्ये स्थापन झाला. स्पर्धेला ज्यूलियस अलेक्झांडर आयझॅक यांचे नाव दिले आहे. १९२८ मध्ये कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा बेटावर जन्मलेले हे गृहस्थ टोरांटोत कायदा शिकले आणि १९९१ मध्ये कॅनडाच्या संघीय न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. इतक्या उच्च स्थानी पोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश होत. सर्व वर्णांचे विद्यार्थी या स्पर्धेत उतरतात. प्रश्न मात्र असा घातलेला असतो की वर्ण आणि विषमता यांना बगल देऊन वाद करताच येऊ नये. डेस्मंड खटल्यात जे घडले त्याच्या नेमके उलट!

असा प्रश्न कसा असतो हे कळण्यासाठी एक खराखुरा खटलाच अभिरूप न्यायालयापुढे आहे अशी कल्पना करा. १९९३ मध्ये हॅलिफॅक्स शहरात एका पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला एका गोऱ्या पोलिसाने पकडले. पोलिसाचे म्हणणे असे की, दुसऱ्या एका मुलाला अटक करीत असताना याने सायकल माझ्या अंगावर घातली आणि धक्काबुक्की केली. मुलगा म्हणाला की पकडलेला मुलगा माझा चुलतभाऊ. मी त्याला 'काय झाले, तुझ्या आईला कळवू का?' एवढेच विचारले, तर तोंड बंद ठेव नाहीतर तुलाही अटक करीन असा दम मला मिळाला. साक्षीदार हे दोघेच. न्यायाधीश होत्या कोरीन स्पार्क्स, कॅनडात न्यायासनावर बसलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री. सरकारी वकिलाने विचारले, पोलीस अधिकारी खोटे कशाला बोलेल? बाईंनी मुलाला निर्दोष सोडले आणि त्या प्रश्नाला उत्तर म्हणून सांगितले की, पोलिसांनी न्यायालयाची दिशाभूल केल्याची उदाहरणे पूर्वी घडलेली आहेत. गौरेतर लोकांशी वागताना पोलीस वाजवीपेक्षा जास्त कठोर होतात. या अधिकाऱ्याने तसेच केले असे मी म्हणत नाही, परंतु एकंदर प्रकार पाहता मुलाचे म्हणणे मला पटते. सरकारने अपील केले की न्यायाधीशच पक्षपाती आहेत.

अपिलात दोन्ही पायऱ्यांवर सरकार जिंकले आणि फेरचौकशीचा हुकूम झाला. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मुलाची बाजू मांडणाऱ्यांत होते बर्नली जोन्स आणि डायॅन पोथिए. जोन्स हे कृष्णवर्णीय कार्यकर्ते. डलहौसी विद्यापीठात कृष्णवर्णीय आणि मिकमॅक मूलनिवासी विद्यार्थ्यांना कायदा शिकता यावा म्हणून १९८९ मध्ये सुरू झालेल्या योजनेच्या संस्थापकांत त्यांचा हात होता आणि त्याच योजनेतून ते स्वतः उतारवयात वकील झाले. पोथिए या जन्मतः दृष्टी अधू असलेल्या प्राध्यापिका.

आता तुम्ही अभिरूप न्यायालयात सरकारच्या बाजूने उभे आहात असे समजा. तुमचा वाद मुळीच लंगडा नाही. न्यायाधीशाने समोर आलेल्या पुराव्यावर निकाल द्यावा. 'पोलीस असे असतात' हा पुरावा नव्हे. उद्या एखादा गोरा न्यायाधीश 'हे लोक असे असतात' असे म्हणून कृष्णवर्णीय साक्षीदाराला खोटा ठरवू लागला तर त्याला कोणत्या तोंडाने अडविणार? तीन न्यायमूर्तींना हाच वाद पटला. आता पलीकडे जा. तटस्थ न्यायाधीश म्हणजे काय डोळे मिटून बसलेला न्यायाधीश? पक्षपाताची शंका वाजवी आहे की नाही हे ठरविणारा समंजस माणूस त्याच प्रांतात राहणारा असला पाहिजे. डोनल्ड मार्शल या मिकमॅक मूलनिवासी तरुणाने न केलेल्या खुनाबद्दल अकरा वर्षे तुरुंगात काढली, आणि त्याची चौकशी करणाऱ्या आयोगाने १९८९ मध्ये प्रांताच्या न्यायव्यवस्थेवर वर्णद्वेषाचा ठपका ठेवला, हे त्याला ठाऊक असावयास हवे. जे गावात सर्वांना ठाऊक आहे ते न्यायासनावर बसताच विसरले पाहिजे असा कायदा कोठे आहे? १९९७ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी मुलगा सुटला. पण त्या सहांतही दोघांनी बजावले की बाईंचे उद्गार रेषेच्या फार जवळ गेले होते.

रामशास्त्र्यांची निःस्पृहता आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेथे प्रश्न सत्तेपुढे न झुकण्याचा होता. येथे प्रश्न निराळा, आणि मला वाटते अधिक अवघड आहे. न्यायाधीश जे पाहून मोठा झाला ते त्याने न्यायासनावर बरोबर न्यावे की उंबऱ्याबाहेर ठेवावे? गोऱ्या न्यायाधीशाला हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, कारण त्याचे पाहणे हेच सर्वांचे पाहणे असे धरून चालण्याची सवय झालेली असते.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच वर्षी, त्याच सप्टेंबर महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसरा एक निकाल दिला, आणि त्याचा संबंध मुख्य न्यायाधीश आयझॅक यांच्याशीच होता. महायुद्धातील अत्याचारांत सामील असल्याच्या संशयावरून काही जणांचे नागरिकत्व काढून घेण्याची प्रकरणे त्यांच्या न्यायालयात रेंगाळत होती. विलंबाची तक्रार घेऊन एक वरिष्ठ सरकारी वकील प्रतिपक्षाच्या अपरोक्ष आयझॅक यांना भेटला. सर्वोच्च न्यायालयाने ती भेट अनुचित ठरविली. न्यायालयाच्या स्वातंत्र्याचा देखावा त्यामुळे डागाळला असे म्हटले, मात्र प्रकरणे रद्द केली नाहीत. ज्यांच्या नावाने ही स्पर्धा भरते त्यांचे आयुष्यसुद्धा विद्यार्थ्याला वादाचा विषय पुरविते. मला यात स्पर्धेचा कमीपणा वाटत नाही. उलट मूर्तीपेक्षा माणसाचे नाव दिलेले बरे.

आता खरा आक्षेप. अभिरूप न्यायालयात बाजू आपण निवडीत नाही, ती वाट्याला येते. ज्या मुलीच्या भावाला पोलिसांनी तीनदा रस्त्यात अडविले आहे, तिला पोलिसांची बाजू मांडावयास सांगणे हे शिक्षण की छळ? आपल्या शास्त्रांत पूर्वपक्ष मांडल्यावाचून उत्तरपक्ष मांडता येत नसे, आणि पूर्वपक्ष असा मांडावा की प्रतिपक्ष्यानेही मान डोलवावी. परंतु शब्द नित्य की अनित्य या वादात कोणाच्या घरचे माणूस दुखावत नव्हते. येथे ते दुखावते. तरीही माझे मत असे की तिने ती बाजू घ्यावी. उद्या खऱ्या न्यायालयात हाच वाद तिच्यासमोर येईल, तेव्हा त्याची सर्वांत बळकट जागा कोणती हे तिला प्रतिपक्षाच्या वकिलाआधी माहीत असेल.

यात जबाबदारी आहे ती प्रश्न रचणाऱ्याची. 'कृष्णवर्णीयांनी खाली बसावे की सज्जात' हा वादाचा विषय होऊ शकत नाही. माणसाचे माणूसपण पणाला लावून गुण वाटता येत नाहीत. 'नियमाच्या अक्षरांत वर्णाचा उल्लेख नसेल तर न्यायालयाने अक्षरांमागे किती दूर पाहावे' हा मात्र विषय होऊ शकतो, कारण येथे दोन्ही बाजूंना मान ताठ ठेवून बोलता येते. २०१९ चा 'ली' खटला याच जातीचा. टोरांटोतील एका घराच्या परसात पाच तरुण बोलत बसले होते, चौघे कृष्णवर्णीय आणि एक आशियाई वंशाचा. पोलीस परवानगीवाचून आत शिरले. कोणीही 'तुम्हाला अटक आहे' म्हटले नाही. मग ते तरुण अडकले केव्हा? आपण उठून जाऊ शकत नाही असे समंजस माणसाला कोणत्या क्षणी वाटेल, आणि त्या माणसाचा वर्ण कोणता धरावयाचा? निकाल तीन विरुद्ध दोन असा तरुणाच्या बाजूने लागला. इतक्या काठावरचा प्रश्न विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, म्हणजे पीठालाही घाम फुटतो.

दुसरी अडचण गुणांची. वाद कसा मांडला यालाही गुण असतात. धीर, वाणी, वागण्याची रीत हे सारे पाहिले जाते. पण शुद्ध वाणी कोणाची? आपल्याकडेही वक्तृत्वस्पर्धेत एका विशिष्ट बोलीच्या मुलांना ढाली मिळत आल्या, हे व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना मी सांगावे असे नाही. समतेवरील स्पर्धेतही परीक्षकाचा कान जुनाच असेल तर सारा खटाटोप फुकट.

कॅनडातील मूलनिवासींच्या कायद्यावरील स्पर्धेने तर मांडणीच बदलून टाकली. तिचे नाव 'कवास्किमहॉन'. क्री भाषेतील या शब्दाचा अर्थ जाणतेपणाने बोलणे. तेथे पीठ उंचावर नाही, अपीलकर्ता नाही, प्रतिवादी नाही. निरनिराळे संघ निरनिराळ्या पक्षांचे प्रतिनिधी म्हणून गोलाकार बसतात आणि वाटाघाटींतून सर्वसंमत तोडगा काढू पाहतात. ज्याच्या पूर्वजांचा न्याय वडीलधाऱ्यांच्या बैठकीत होत असे त्याला इंग्रजी न्यायालयाच्याच साच्यात बोलावयास लावणे हीदेखील एक सक्ती आहे, असे ही रीत सुचविते. वकिलाला भांडता येत नसेल तर तो वकील कसला, असे कोणी म्हणेल. मी तितक्या ठामपणे म्हणणार नाही.

या साऱ्यातून आपल्या विधी महाविद्यालयांना घेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि सामग्री तर त्यांच्यापेक्षा आपल्याकडे जास्त. १९५१ मध्ये चंपकम दोराईराजन खटल्यात मद्रास सरकारचा महाविद्यालयीन प्रवेशांची जातवार वाटणी करणारा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन पंधराव्या अनुच्छेदात चौथे कलम आले आणि मागासलेल्या वर्गांसाठी विशेष तरतुदीचा मार्ग खुला झाला. आपल्याला दुरुस्ती करून जे आणावे लागले ते कॅनडाच्या सनदेत पंधराव्याच कलमात मुळापासून आहे. आकड्यांचा हा योगायोग विद्यार्थ्यांना आवडतो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमपुस्तिकांतील जात पाहून कैद्यांना काम वाटण्याच्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. स्वयंपाक कोणी करावा आणि झाडलोट कोणी, हे स्वतंत्र भारताच्या तुरुंगांत तोवर छापील नियमाने चालले होते. त्या नियमांना स्पष्ट जातीचे नाव न देता, 'ज्याला ज्या कामाची सवय त्याला ते काम' एवढेच कोणी लिहून ठेवले तर? एखाद्या महाविद्यालयाने हा प्रश्न यंदाच्या अभिरूप न्यायालयापुढे ठेवण्यास हरकत नाही. लेखी युक्तिवादाला सहा आठवडे द्यावेत, परीक्षकांत एखादा तुरुंग पाहिलेला माणूस असावा, आणि बाजू चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात.